दर्शनी बाटली

डॉ. वर्षाराणी माझ्याकडे नोकरीसाठी आली तेव्हा मी तिला विचारलं, "पुण्यात दोन वर्षं आयसीयूचं शिक्षण घेतलंस, मग तिथंच का नाही राहिलीस?" त्यावर ती म्हणाली, "सर, तिथं माझ्यासारखे चाळीस जण आहेत. तुमच्याकडं एकही नाही." मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, खरं बोललेलं आधी झोंबतं आणि मग पटतं. पटायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी तिला फोन करून बोलावून घेतलं.

मी दत्तप्रसाद. राजारामपुरीत माझं वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, त्यातल्या सहा खाटा आयसीयूच्या. चौतीस वर्षं मी इथं डॉक्टरकी केली. वडील वकील, आजोबा हेडमास्तर, त्यामुळे घरात सगळे छापल्यासारखं बोलणारे. इथली रांगडी बोली मला कळते, आवडते, पण तोंडात बसत नाही. वर्षाराणी कुरुंदवाडच्या शेतकरी घरातली. माझ्याशी ती व्यवस्थित पुस्तकी बोलायची आणि पेशंटच्या खाटेशी पोचली की, "काय मामा, रागावलासा व्हय आमच्यावर? आज डोळंबी उघडंनासा!" असा खणखणीत आवाज. बेशुद्ध माणसाशीसुद्धा ती तशीच बोलायची. मी एकदा हटकलं, तर म्हणाली, "ऐकू येत असलं तर?"

उंचीनं बेताची, चालणं झपझप, आणि ॲप्रनच्या उजव्या खिशात कायम सोनोग्राफीच्या जेलची बाटली. जेल थंडगार असतं, पोटावर पडलं की माणूस दचकतो, म्हणून ही बाई ते अंगाच्या उबेला ठेवायची. खिसा कायम चिकट. धोबी तक्रार करायचा, ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटली खिशात.

ती आल्यावर तिनं माझ्यामागं लकडा लावला तो सोनोग्राफीच्या यंत्राचा. यंत्र होतं, पण तळमजल्यावरच्या खोलीत. आपल्याकडे सोनोग्राफीच्या यंत्राला बंदुकीसारखा परवाना लागतो, आणि लागायलाच हवा. ज्या समाजानं मुली पोटातच मारल्या, त्याच्या हातात ते मोकळं कोण देईल? तिचं नाव नोंदवण्यात आणि खाटेशी वापरायचं यंत्र रीतसर आयसीयूत आणण्यात चार महिने गेले. त्यानंतर रोज सकाळी ती ट्रॉलीवर यंत्र घेऊन खाटेखाटेशी थांबायची. सिस्टर लोकांनी त्या ट्रॉलीचं नाव पालखी ठेवलं होतं. मीही चिडवायचो, "आली का पालखी? आज कुणाला दर्शन?" ती हसायची आणि कामाला लागायची.

ती बघायची ते असं. जंतुसंसर्ग रक्तात भिनला, ज्याला आम्ही सेप्सिस म्हणतो, की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. तेव्हा पहिल्या काही तासांत सलाईन भरभरून द्यावंच लागतं. त्यात आमचं दोघांचं दुमत नव्हतं. प्रश्न पुढचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी झाली की माझ्या पिढीचा डॉक्टर म्हणणार, पाणी कमी पडतंय, अजून एक बाटली लावा. वर्षाराणी म्हणायची, आधी बघूया. पोटातली मोठी नीला किती फुगली आहे, यकृताच्या शिरेतलं रक्त पुढं सरकतंय की मागं हेलकावतंय, मूत्रपिंडातून निघणारं रक्त सलग वाहतंय की अडखळतंय, हे ती पडद्यावर बघायची. दहा मिनिटांचं काम.

"सर, महापुरात आमच्याकडं काय होतं?" तिनं मला समजावलं होतं. "पुढं कृष्णा भरली की पंचगंगेला शिरायला जागा राहत नाही. मग तिचंच पाणी मागं फुगतं आणि गावात शिरतं. शिरा तुंबल्या की मूत्रपिंडाचं तसंच. वरून अजून पाणी ओतून काय उपयोग?"

पटलं होतं मला. पण चौतीस वर्षांचा हात एका दिवसात वळत नाही. शिवाय ती काही दर वेळी सलाईन बंद करत नसे. जयसिंगपूरच्या एका बाईंच्या शिरा तिनं बघितल्या आणि म्हणाली, "ह्या कोरड्या आहेत, अजून द्या." त्या दिवशी तर मीच हात आखडता घेतला होता.

आता माझ्या एका सवयीबद्दल सांगायला हवं. आपल्या माणसांचा सलाईनवर फार जीव. गोळी दिली तर औषध, इंजेक्शन दिलं तर उपचार, आणि सलाईन लावलं तर डॉक्टर चांगला. ते काढलं की बाहेर लगेच कुजबुज सुरू होते, "डाक्टरनं हात टेकलं." या कुजबुजीतून भांडणं होतात, काचा फुटतात. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरचं डोकं फुटलेलं मी पाहिलं आहे. म्हणून मी फार पूर्वीपासून एक नियम केला होता. सलाईन द्यायचं नसलं तरी स्टँडवर बाटली टांगायची, नळी जोडायची आणि नळीवरचं चाक फिरवून ती बंद ठेवायची. नातेवाईक काचेतून बघतात, बाटली दिसते, जीव भांड्यात पडतो. सिस्टर तिला दर्शनी बाटली म्हणायच्या. ती पेशंटला दिली जात नाही, म्हणून पाण्याच्या हिशेबाच्या तक्त्यातही लिहायची नाही, हाही माझाच नियम. मला या युक्तीचा अभिमान होता, हे कबूल करतो.

वर्षाराणीला ती बाटली डोळ्यासमोर नको असायची. "सर, मी सांगते ना त्यांना. कळतं त्यांना."

"तू नवीन आहेस," मी म्हणायचो. "मी ओळखतो या लोकांना."

कुरुंदवाडच्या पोरीला हे सांगणारा मी, राजारामपुरीतल्या वकिलाचा मुलगा. तेव्हा त्यातला विनोद माझ्या लक्षात आला नाही.

आकाराम आला तो मंगळवारी. अठ्ठावन्न वर्षांचा, शिरोळकडच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवणारा. साखरेचा आजार जुना. उसाच्या बुडख्यावर पाय पडला, तळव्याला जखम झाली, हळद लावून आठवडा काढला. आला तेव्हा पाय गुडघ्यापर्यंत लाल, ताप, बडबड, आणि रक्तदाब साठच्या खाली. वर्षाराणीनं स्वतः उभं राहून पहिल्या तीन तासांत सलाईन दिलं, अँटिबायोटिक दिलं, रक्तदाब टिकवणारं औषध सुरू केलं. बुधवारी तो माणसात आला. गुरुवारी मात्र चेहरा सुजला, लघवी आटली आणि मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला.

"दोन बाटल्या अजून," मी म्हणालो.

ती पालखी घेऊन आली. पडद्यावर मोठी नीला बोटभर जाड, श्वासाबरोबर जराही न दबणारी. यकृताकडे जाणारा जो प्रवाह शांत, सलग असायला हवा, तो ठोक्याठोक्याला उसळत होता. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि कुरकुरत मान हलवली. सलाईन बंद झालं, लघवीचं इंजेक्शन सुरू झालं. संध्याकाळपर्यंत पिशवीत लघवी साठू लागली. शुक्रवारी सकाळी त्यानं डोळे उघडून चहा मागितला. चहाची आठवण होणं ही माझ्या मते चांगली खूण.

बाहेर मात्र गुरुवारी संध्याकाळीच वातावरण तापलं होतं. आकारामची थोरली बहीण, सगळे तिला आक्काच म्हणत, जिन्याशी ठाण मांडून बसली होती. पासष्टीची, सडपातळ, नऊवारी नेसलेली, आणि आवाजाला वर्षाराणीच्या तोडीस तोड. आई लवकर गेल्यावर या भावाला तिनंच वाढवलं होतं. त्या संध्याकाळी मी जाताना तिनं अडवलं. "डाक्टर, सलाईन का काडलासा? पैशाचं इच्यारतो व्हय आमी? काय लागंल ती लावा की."

"लावतो, आक्का," मी म्हणालो.

आत येऊन निशिगंधा सिस्टरना सांगितलं, "दर्शनी बाटली टांगा."

वर्षाराणी तिथंच होती. "सर, नको. पाच मिनिटं द्या, मी आक्कांना पडद्यावर दाखवते."

"बाहेर पंधरा माणसं आहेत. तुझं भाषण ऐकून घेतील असं वाटतं तुला? बाटली टांगा."

निशिगंधा सिस्टरनी टांगली. वर्षाराणीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

शुक्रवारी दुपारनंतर आकारामची लघवी पुन्हा कमी झाली. साडेपाचच्या सुमारास सिस्टरनी मला हाक मारली तेव्हा तो धापा टाकत होता, ओठ निळसर पडले होते, ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर आणि रक्तदाब पुन्हा घसरलेला. मी तक्ता बघितला. कालपासून गेलेलं पाणी जवळजवळ शून्य, बाहेर पडलेली लघवी दीड लिटर. माझं डोकं तडकलं.

"सुकवलास माणूस!" मी सगळ्यांसमोर वर्षाराणीवर ओरडलो. "तुझ्या त्या पडद्याच्या नादानं सुकवलास! सिस्टर, दोन बाटल्या, फुल्ल स्पीड!"

ती पालखी ओढत धावत आली होती. जेल खिशातून काढत म्हणाली, "सर, दोन मिनिटं. फक्त दोन. तोवर बाटली सोडू नका. चुकले तर राजीनामा देते."

तिनं आधी छातीवर प्रोब ठेवला. दोन्ही फुप्फुसं पाण्यानं भरलेली. मग पोटावर. मोठी नीला कालच्यापेक्षा जाड. मूत्रपिंडातला प्रवाह तुटक तुटक. "सर, ह्यांच्यात पाणी वाढलंय. आज कुठून तरी गेलंय."

"तक्त्यात नाही!"

"तक्त्यात नसेल. अंगात आहे."

भेटीच्या वेळेला आत आलेली आक्का अजून खाटेच्या पायथ्याशी उभी होती, तिला बाहेर काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. ती म्हणाली, "सलाईन म्हंतासा व्हय? ती अडाकलीती की. सकाळी आल्तो तवाबी थेंब पडत न्हवता. ती चाक हाय न्हवं, ती मीच फिरवून सोडली. आत्ताबी सोडली. तुमच्या पोरींस्नी काम लई, ध्यान ऱ्हात न्हाय."

तिच्या बोलण्यात भीती नव्हती, उलट थोडी ऐट होती. आणि का नसावी? आपल्याकडे दवाखान्यात चार दिवस काढलेल्या प्रत्येक माणसाला ते चाक फिरवता येतं. सगळेच फिरवतात. मी चौतीस वर्षं या लोकांना ओळखतो म्हणत होतो, आणि हे एवढं मला सुचलं नव्हतं.

निशिगंधा सिस्टर रडवेल्या झाल्या. सकाळी पाळीवर आल्या तेव्हा रिकामी बाटली त्यांना दिसली होती. आधीच्या पाळीनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिली असेल असं समजून त्यांनी ती बदलली आणि नवीचं चाक बंद ठेवलं. लिहिली नाही, कारण दर्शनी बाटली लिहायची नसते. पहिली अख्खी आणि दुसरी बहुतेक सगळी, मिळून जवळजवळ एक लिटर गेलं होतं.

वर्षाराणीनं दुसऱ्या बाटलीची नळी स्वतः काढली. मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र लावलं, लघवीचं इंजेक्शन वाढवलं, डायलिसिसवाल्यांना फोन केला. तिनं कुणाला एक शब्द सुनावला नाही. आक्काचा हात धरून तिला दारापर्यंत नेताना म्हणाली, "आक्का, बाहेर बसा जरा. मी येते." पण आक्काच्या तोंडावरची ऐट उतरली होती. काहीतरी चुकलं हे तिला कळलं होतं.

अर्ध्या तासानं वर्षाराणी माझ्या केबिनमध्ये आली. "सर, बाहेर त्यांची माणसं आक्कांना बोलतायत. तू हात लावलास म्हणून झालं म्हणतायत. त्या पाणीसुद्धा घेत नाहीयेत. त्यांना सांगायला पाहिजे."

"काय सांगायचं?"

"की बाटली खोटी होती."

"वेडी आहेस का? काचा राहणार नाहीत एक! पोलीस, पेपर, सगळं होईल. आणि मुख्य म्हणजे तो अजून आत झुंजतोय. आधी ते बघू."

"आत मी आहे. मी बघते," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं, सर. पण मी सांगितलं तर ती तक्रार होईल. ते तुमच्याच तोंडून यायला पाहिजे." आणि ती पुन्हा आत गेली.

मला तिचा असा संताप आला की सांगता सोय नाही. आपण नोकरीवर घेतलेली पोर आपल्याला शिकवते! पाच मिनिटं मी खुर्चीत बसून तिच्या उद्धटपणाची उजळणी केली. मग मला आठवलं की तिनं राजीनामा पणाला लावला होता, आणि मी तर अजून साधी माफीही मागितली नव्हती. मी माफी मागावी असंही ती म्हणाली नव्हती. तिला घाई होती ती आक्काची.

आकाराम जगला, हे इथंच सांगून टाकतो. दोन डायलिसिस लागले, पायाची दोन बोटं गेली, आणि सोळाव्या दिवशी तो काठी टेकत घरी गेला. मूत्रपिंडं बऱ्यापैकी सावरली. पण मी सांगतोय त्या शुक्रवारच्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या घटकेला तो जाईल असंच मला वाटत होतं.

मी बाहेर गेलो. आक्का जिन्याच्या पायरीवर पदर तोंडाशी धरून बसली होती. भावकीतली माणसं उभी. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. माझे गुडघे दुखतात, तरी बसलो, कारण उभं राहून ते बोलता आलं नसतं.

"आक्का, तुमची चूक नाही," मी म्हणालो. "सलाईन द्यायचं नव्हतंच. त्यांच्या अंगात पाणी जास्त झालं होतं. ती बाटली मी नुसती दाखवायला टांगली होती. तुम्ही लोक गोंधळ घालाल म्हणून. डॉक्टरबाई नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

मागून कुणीतरी शिवी हासडली. एक जण पुढं आला. आक्कानं मान न वळवता हात वर केला आणि तो थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मार खाण्याची, तिच्या रडण्याची, शापाची तयारी ठेवली होती.

"पाणी जास्त झाल्तं," ती सावकाश म्हणाली. "आन् ती तुमी आमाला सांगितलं न्हाईसा."

"नाही."

"का? आमाला कळलं नसतं व्हय?" तिचा आवाज चढला. "डाक्टर, आमची अर्धी रानं पाणी जास्त देऊन खराब झाल्यात. ऊस पिवळा पडला की येडं माणूस आनी पाणी सोडतंय, आन् शाणं माणूस पाणी तोडतंय. ह्ये मी माझ्या हातानं केलंया. तुमी येकदा म्हनला असता, आक्का, तुज्या भावाच्या अंगात पाणी मुरंना, तर मी त्या बाटलीला हात लावला असता व्हय? लावू दिला असता कुनाला?"

मला लाज वाटली, आणि ती पकडलं गेल्याची नव्हती. चौतीस वर्षं मी ज्यांच्यावर उपचार केले, ज्यांच्या जिवावर हे हॉस्पिटल उभं केलं, त्या माणसांना मी मनातून अडाणी समजत आलो होतो. खोटी बाटली टांगायला दुसरं कारण नव्हतं.

आक्कानं पदरानं तोंड पुसलं.

"आता खरं सांगा," ती म्हणाली. "वाचंल का त्यो?"

अशा वेळी म्हणायची वाक्यं मला पाठ आहेत. प्रयत्न चालू आहेत. देवावर विश्वास ठेवा. चोवीस तास महत्त्वाचे. ती ओठावर आलीही होती.

"मला माहीत नाही, आक्का," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मग भावकीकडे वळून म्हणाली, "कुनी तरी मला पाणी आना रं."